मालक फोन उचलत नाहीत, डिपॉझिट कसं मिळवायचं?

घर सोडलं, चावी दिली आणि अनामत रक्कम मालकाकडेच राहिली, अशा वाचकांच्या प्रश्नांना या अंकात उत्तरं देत आहोत. सगळे प्रश्न महाराष्ट्रातले आहेत आणि उत्तरं इथल्या कायद्याला धरून आहेत.

प्रश्न : पुण्यात कोथरूडला 11 महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर राहत होतो. भाडं 22,000, डिपॉझिट 75,000. 31 मे रोजी करार संपला, त्याच दिवशी घर रिकामं केलं. मालक काका बाहेरगावी होते म्हणून चाव्या वॉचमनकडे दिल्या. आधी ते म्हणाले, "रंगकाम झालं की देतो." आता फोन उचलत नाहीत. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका दिसतात, उत्तर येत नाही.

फोन करणं आजपासून थांबवा. शंभर मिस्ड कॉलपेक्षा एका पत्राचं वजन जास्त असतं, कारण मागणी कधी केली, किती रकमेची केली आणि समोरच्याने उत्तर दिलं नाही, हे सगळं पत्रातून सिद्ध होतं. फोनवरून यातलं काहीच सिद्ध होत नाही.

पत्र लिहिण्याआधी करार काढून तीन कलमं वाचा. डिपॉझिट कधी परत करायचं, त्यातून काय कापायचं, आणि नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची. प्रत हरवली असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दस्त शोधून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सारांश, मिळतो. बहुतेक करारांत "रिकामा ताबा देतेवेळी बिनव्याजी परत" असं लिहिलेलं असतं. बिनव्याजी हा शब्द तुम्ही राहत होतात त्या काळापुरता आहे. मुदत उलटल्यावर पैसे अडवून ठेवले तर व्याज मागता येतं, मात्र मागणी लेखी हवी. करारात परतीची तारीख पक्की नसेल, तर 1978 च्या व्याज कायद्यानुसार ज्या नोटिशीत व्याज मागितलं त्या नोटिशीच्या तारखेपासूनच ते धरलं जातं. दर करारात असेल तर तोच लावा, नसेल तर बँकेच्या मुदत ठेवीच्या आसपासचा लावा. 24 टक्के लिहिलं म्हणून कोणी देत नाही, उलट पत्राचा भार कमी होतो.

तुमच्या प्रकरणातली कच्ची बाजू म्हणजे वॉचमन. उद्या मालक म्हणू शकतात की ताबा मला मिळालाच नाही. त्यांनी "वॉचमनकडे ठेवा" असा मेसेज केला असेल तर तीच तुमची ताबापावती. नसेल तर सोसायटीच्या गेटवर सामान बाहेर नेताना झालेली नोंद, टेम्पोवाल्याचं बिल आणि रिकाम्या घराचे त्या दिवशीचे फोटो गोळा करा. सोसायटीच्या सेक्रेटरींकडून "सदनिका 31 मे रोजी रिकामी झाली" एवढं दोन ओळींत लिहून मिळालं तर उत्तम.

मग पत्र असं लिहा :

"आपल्याशी झालेल्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारानुसार (दस्त क्र. …, दि. …) मी आपणास 75,000 रुपये अनामत दिली होती. करार संपल्यावर दि. 31 मे रोजी सदनिका रिकामी करून तिच्या 3 चाव्या दिल्या आहेत. त्या दिवशी वीजमीटरचा आकडा … होता. शेवटचे वीजबिल 1,340 रुपये वजा जाता 73,660 रुपये आपल्याकडून येणे आहेत. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत ही रक्कम खालील खात्यात जमा करावी. आणखी काही वजावट करायची असल्यास तिचे बिल व फोटो याच मुदतीत पाठवावेत. अन्यथा दि. 31 मेपासून (करारात परतीची तारीख पक्की नसल्यास या पत्राच्या तारखेपासून) द.सा.द.शे. … टक्के व्याज आणि खर्चासह वसुलीची कारवाई करावी लागेल."

वीजबिल स्वतःहून वजा केलंय ते मुद्दाम. देणं लागतो ते कबूल करून उरलेलं मागणाऱ्यावर कोर्टाचाही विश्वास बसतो, आणि मालकाचा "हिशोब व्हायचाय" हा बहाणा उरत नाही. रागाची भाषा, सोसायटीत बदनामी करण्याची धमकी, असलं काही पत्रात येऊ देऊ नका. हेच पत्र पुढे न्यायाधीश वाचणार आहेत.

पत्र करारातल्या पत्त्यावर पाठवा. मालक सध्या दुसरीकडे राहत असतील तर तिथेही पाठवा. जुनं रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्ट करतानाच रजिस्ट्रेशन आणि पोच या दोन्ही सुविधा मागून घ्या. तेच पत्र पीडीएफ करून ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही टाका. पाकीट "घेण्यास नकार" किंवा "मागणी नाही" असा शेरा मारून परत आलं तर ते उघडू नका, तसंच बंद जपून ठेवा. योग्य पत्त्यावर रीतसर पाठवलेलं पत्र घ्यायचं टाळलं म्हणून नोटीस मिळालीच नाही असं सहसा मानलं जात नाही.

रंगकामाबद्दल. 11 महिन्यांत भिंत थोडी मळते, सोफ्याच्या पाठीमागे रेघ उमटते, बाथरूमच्या दारावर पाण्याचे डाग पडतात. ही वापराची नेहमीची झीज झाली, ती भाड्यात आली. मुलाने खडूने भिंत रंगवली, टीव्हीसाठी टाइल फोडली, दाराचं कुलूप तोडलं, तर ते नुकसान, आणि ते भरून द्यावं लागतं. काही करारांत घर सोडताना रंगाचे ठरावीक पैसे कापण्याचं कलम असतं. तुम्ही त्यावर सही केली असेल तर त्यावर वाद घालण्यात वेळ जाईल. कलम नसेल तर नुकसान झालं हे दाखवण्याची जबाबदारी मालकाची. बिल मागा. "अंदाजे 40 हजार" हे बिल नव्हे.

15 दिवसांत हालचाल झाली नाही तर वकिलाची नोटीस पाठवा. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात. न मिटल्यास लगेच दावा लावण्यापूर्वी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व अर्ज करा. कोर्ट फी लागत नाही, प्राधिकरण मालकाला बोलावून घेतं. तिथे तडजोड होऊन लोकअदालतीत निवाडा झाला तर तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच (डिक्रीइतकाच) पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. मालक आलेच नाहीत तर मात्र प्राधिकरण सक्ती करू शकत नाही.

मग उरतो दिवाणी दावा. लेखी कराराची ठरलेली रक्कम असल्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खाली संक्षिप्त दावा लावता येईल का, हे वकिलांना जरूर विचारा. त्यात समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत प्रतिवादीला हजर व्हावं लागतं आणि बचाव करण्यासाठी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. कोणत्या कोर्टात जायचं हे गावावर आणि रकमेवर ठरतं. मुदत साधारणपणे रक्कम देय झाल्यापासून 3 वर्षांची. मालकाने त्या काळात लेखी कबुली दिली किंवा काही पैसे भरले, तर मुदत तिथून नव्याने मोजली जाते.

व्हॉट्सॲप चॅट पुरावा म्हणून चालतो, पण नुसता स्क्रीनशॉट देऊन भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून तो फोन विकू नका, रीसेट करू नका, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. दर महिन्याचं भाडं ज्या खात्यात भरत होतात त्याचा नंबरही जपा. हुकूमनामा झाल्यावर जप्तीसाठी मालकाचं खातं शोधण्यात लोकांचे महिने जातात, तुमच्याकडे ते आधीच आहे.

प्रश्न : ठाण्यात राहते. करार संपायला दोन महिने आहेत आणि आधीच्या भाडेकरूचंही डिपॉझिट अडकलंय असं कळलं. शेवटचे दोन महिने भाडं न भरता डिपॉझिटमधून वळतं करू का? की पैसे मिळेपर्यंत चावीच देऊ नये?

मालकाने लेखी संमती दिली तर वळतं करा, हा सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे. "ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचं भाडं अनामतीतून वळतं करण्यास माझी हरकत नाही" एवढा मेसेज पुरे. संमतीशिवाय भाडं थांबवलंत तर करारभंग तुमच्याकडून होतो.

चावी अडवणं त्याहून धोक्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 24 प्रमाणे मुदत संपूनही ताबा न देणाऱ्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढता येतं आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई भरावी लागते. काही करारांत डिपॉझिट मिळेपर्यंत विनाभाडं राहण्याची मुभा असते. तुमच्या करारात ती आहे का बघा. नसेल तर तारीख उलटू देऊ नका.

त्याऐवजी महिनाभर आधी लेखी कळवा, की अमुक तारखेला सकाळी 11 वाजता ताबा देण्यास तयार आहे, रक्कम त्याच वेळी द्यावी. त्या दिवशी मालक किंवा त्यांच्या माणसाबरोबर घरभर फिरा. नळ सोडून, पंखे-गिझर लावून दाखवा, मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. मीटरचा आकडा, पाइप गॅसचा आकडा, किती चाव्या दिल्या, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. या ताबापावतीत "नुकसान नाही" किंवा "एवढंच नुकसान" असं स्पष्ट लिहून घ्या. रक्कम ऑनलाइन जमा झाल्याचा मेसेज आला की चावी हातात द्या. "संध्याकाळी टाकतो" म्हणाले तर तेही त्याच कागदावर तारखेसह लिहून घ्या.

प्रश्न : करार नोंदवला नव्हता, 500 च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केला. त्यात डिपॉझिट 25,000 लिहिलंय, प्रत्यक्षात 1 लाख दिले, 60 हजार बँकेतून आणि 40 हजार रोख. मालक 25 च्या वर बोलायला तयार नाहीत. (कल्याण)

नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 नुसार ती न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नोटिशीत हे कलम नावानिशी लिहा.

तरी पुराव्यांची तयारी ठेवाच. 60 हजार बँकेतून गेलेत, म्हणजे 25 च्या वरचे 35 हजार कशाचे, हे मालकाला सांगावं लागेल. रोख 40 हजारांसाठी त्या दिवशी तुमच्या खात्यातून काढल्याची नोंद, दलालाचा मेसेज, साक्षीदार, जे मिळेल ते जमवा. रोखीची बाजू कमकुवत आहे हे मनाशी धरूनच तडजोडीचा आकडा ठरवा.

प्रश्न : मालकाने डिपॉझिटचा चेक दिला, तो बाउन्स झाला. आता पुन्हा "पुढच्या महिन्यात भरा" म्हणतात.

चेक बाउन्स झाला म्हणजे तुमची बाजू भक्कम झाली, फक्त तारखा चुकवू नका. बँकेचा रिटर्न मेमो, म्हणजे चेक न वटल्याची चिठ्ठी, मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर मालकाला 15 दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 खाली तक्रार. उदाहरणार्थ, मेमो 10 ऑगस्टला मिळाला तर नोटीस 9 सप्टेंबरपर्यंत. ती मालकाला 16 सप्टेंबरला मिळाली तर 1 ऑक्टोबरपर्यंत वाट पाहा आणि ऑक्टोबर संपायच्या आत तक्रार दाखल करा. "पुढच्या महिन्यात" या गोड शब्दात हेच 30 दिवस निघून जातात. चेकवरच्या तारखेपासून 3 महिने उलटले नसतील तर तो पुन्हा भरून नवा मेमो घेता येतो. तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते, मालकाच्या गावाला जावं लागत नाही.

प्रश्न : मुलगी पुण्यात पीजीत होती. जेवण, साफसफाई, वायफाय धरून पैसे घ्यायचे. 15,000 डिपॉझिट देत नाहीत.

पीजीत जागेसोबत सेवाही विकत घेतलेली असते, म्हणून इथे ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहे. नुसत्या भाड्याच्या घराला तो सहसा लागू पडत नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. लेखी मागणीनंतरही पैसे आले नाहीत तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार करा. मोबदला, म्हणजे पीजीला भरलेले पैसे, 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत 2 वर्षांची. भरलेल्या पैशांच्या पावत्या आणि पीजीचे नियम छापलेला कागद जोडा. त्यात "एक महिना आधी न कळवल्यास डिपॉझिट जप्त" अशी ओळ असते, तेव्हा मुलीने कधी कळवलं त्याचा मेसेज शोधून ठेवा.

प्रश्न : पोलिसांत तक्रार केली तर?

नुसतं डिपॉझिट न देणं हा दिवाणी वाद, पोलीस तेच सांगतील. पण जागा स्वतःची नसताना मालक बनून पैसे घेतले, किंवा एकच फ्लॅट हेवी डिपॉझिटवर (भाड्याऐवजी मोठी अनामत घेऊन) तिघांना दिला, तर ती फसवणूक आहे. तिथे दिवाणी नोटिशीची वाट न पाहता त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठा.

प्रश्न : मध्येच मालकाने फ्लॅट विकला. डिपॉझिट कोणाकडे मागू?

ज्यांच्याशी करार केलात त्यांच्याकडे. नव्या मालकाने अनामतीची जबाबदारी लेखी घेतली असेल तरच त्यांच्याकडे मागता येईल, म्हणून विक्री कळताच दोघांच्या सहीचं पत्र मागा. मालक वारले असतील तर रक्कम वारसांकडून येणे होते, मात्र त्यांना मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत. नोटीस सगळ्या वारसांच्या नावे पाठवा. एकट्या थोरल्या मुलाला पाठवली तर "मी एकटा कसा देऊ" हे उत्तर ठरलेलं.