शंभर रुपयांची कपात कशासाठी?

प्रश्न : आमच्या आमदारांनी अर्थसंकल्पी अधिवेशनात बांधकाम खात्याच्या मागणीवर शंभर रुपयांची कपात सूचना दिली. आमचा घाटरस्ता दोन पावसाळे खचलेला आहे. निधी वाढवून मागायचा सोडून कमी करा कसं म्हणतात? गावात विरोधकांनी हाच प्रचार चालवलाय.
– एक वाचक, जि. कोल्हापूर

उत्तर : प्रचारावर जाऊ नका. आमदारांनी तुमच्या रस्त्याचीच बाजू घेतली आहे.

निधी वाढवून घेण्याची सूचना आमदाराला देताच येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 203 प्रमाणे खर्चाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीनेच, म्हणजे सरकारकडूनच, येते. विधानसभेने ती मंजूर करायची, नाकारायची किंवा रक्कम घटवून मंजूर करायची. त्यामुळे गाऱ्हाणंसुद्धा कपातीच्याच रूपात मांडावं लागतं. शंभर रुपये नावापुरते. महत्त्वाचं असतं ते पुढचं कारण, 'अमुक घाटातील खचलेला रस्ता दुरुस्त करण्यात शासनाला आलेले अपयश' अशा धाटणीचं. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणा म्हणतात. उधळपट्टी दिसली तर नेमकी किती रक्कम छाटायची ते सांगतात.

सूचना मंजूर मात्र क्वचितच होते, कारण ती मंजूर होणं म्हणजे सरकारने बहुमत गमावणं. 27 एप्रिल 2010 ला लोकसभेत इंधन दरवाढीवरून विरोधकांनी कपात सूचनांवर मतदान घ्यायला लावलं. त्या 289 विरुद्ध 201 मतांनी फेटाळल्या गेल्या.

पत्रकार कक्षात इतकी वर्षं बसून मला खरी चीड येते ती गिलोटीनची. वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात, आणि त्यांवरच्या कपात सूचना तिथेच संपतात. 14 मार्च 2018 ला लोकसभेत तर सर्वच मंत्रालयांच्या मागण्या अशा मंजूर झाल्या. सत्तेवर कोणीही असो, लोकांच्या पैशाचा हिशेब असा उरकणं मला मान्य नाही.

म्हणून आमदारांना एवढंच विचारा : बांधकाम खात्याची मागणी चर्चेला आली का? तुम्हाला बोलायला मिळालं का? मंत्र्यांनी उत्तरात काय कबूल केलं? सभागृहाची कार्यवाही शब्दशः नोंदलेली असते. ते पान मिळवा, मंत्र्यांच्या वाक्याखाली रेघ मारा आणि झेरॉक्स अर्जाला जोडून उपअभियंत्यांकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका. चर्चाच झाली नसेल, तर पावसाळी अधिवेशनात बांधकाम खात्याची पुरवणी मागणी (वर्षाच्या मध्येच सरकारने मागितलेला जादा खर्च) आल्यास त्या रस्त्याला तीत पैसे ठेवायला लावा, म्हणून आमदारांच्या आत्तापासूनच मागे लागा.