मुद्दाम बेसूर गाऊन दाखव

"गाणं सुटलं हो माझं." नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलेली, पंचविशी-तिशीतली मुलंमुली हे सांगतात तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा असतो. गाण्याच्या जागी कधी तबला असतो, कधी भरतनाट्यम, कधी जलरंग. माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती दुसऱ्याच तक्रारी घेऊन: झोप लागत नाही, ऑफिसात चिडचिड होते, घरी लग्नाचा विषय निघाला की भांडण होतं. हे मागाहून बाहेर पडतं, आणि त्याला जोडून ठरलेलं पुढचं वाक्य: "वेळच मिळत नाही."

त्यांतल्या एका मुलीबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि अनेक भेटींतलं मोजकंच घेतलंय.

ती मिरजेची. वय २७, नोकरी हिंजवडीत, वाकडला तिघी मिळून भाड्याचा फ्लॅट. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारद प्रथमपर्यंत आलेली; विशारद पूर्ण राहिली ती राहिलीच. तानपुरा गवसणीसकट कपाटावर. रोज रात्री आईचा फोन आणि ठेवता ठेवता, "रियाज केलास का गं?" दिवाळीआधी ऑफिसच्या कार्यक्रमात सगळ्यांनी गायचा आग्रह केला. हिने "घसा बसलाय" म्हणून सांगितलं आणि वॉशरूममध्ये जाऊन रडली. मग माझ्याकडे आली.

"वेळ नाही" हे मी खोटं धरत नाही, तपासून मात्र घेते. तिला आठवडाभर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटींचा कागद भरायला दिला. रात्री नऊ ते साडेदहा या चौकटींत रोज एकच शब्द होता, मोबाइल.

"काय बघतेस?"

"रील्स. गाण्याचेच जास्त. माझ्याबरोबर शिकलेल्या दोघी टाकतात."

"मग गाण्याला रोज तास-दीड तास जातोयच की. स्वतःला रागावण्यात जातो, एवढंच."

ती हसली नाही. "मॅडम, सुरू करून बघितलंय मी. एक जानेवारीला, पाडव्याला, गुरुपौर्णिमेला. टिकतच नाही."

ते कसं सुरू केलं होतं हे मी बारकाईने विचारलं, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं. पहाटे पाचचा गजर, दीड तासाचा बेत. बसल्या बसल्या विलंबित एकतालातला परीक्षेचा ख्याल, मग ताना. तार षड्जाला आवाज फाटला. तरी ते रेकॉर्ड केलं आणि कॉलेजातल्या जुन्या रेकॉर्डिंगशेजारी लावून ऐकलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गजर बंद. खंड पडला की आधी जातो तो दमसास, त्यापाठोपाठ तार सप्तक आणि द्रुत ताना. मध्य सप्तकातली साधी सरगम पुष्कळ दिवस टिकते. म्हणजे जे सर्वांत आधी जाणारं, नेमकी त्याचीच परीक्षा तिने पहिल्या दिवशी घेतली होती आणि नापास होऊन उठली होती.

हे समजावून सांगितलं. तिला पटलं आणि काही फरक पडला नाही. पटण्याने फरक पडत असता तर समुपदेशक रिकामे बसले असते.

एका भेटीत म्हटलं, "मोबाइलवर तानपुरा लाव. कुठली पट्टी?"

"काळी चार. पण मी गाणार नाही."

"गाऊ नकोस. बेसूर हो. मुद्दाम. सा सोडून आजूबाजूला कुठेही लाव."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. तानपुरा सुरू झाला. तिने तोंड उघडलं आणि आवाज सरळ षड्जावर जाऊन बसला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. "नाही हो जमत, तो आपोआप तिथेच जातोय." मग डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, नेटाने एक स्वर लावला. लावला तसा दात आंबल्यासारखा तिचाच चेहरा झाला.

"केवढा चुकला?"

"उतरला. निषादापर्यंत नाही गेला, पण एखाद श्रुती खाली होता."

श्रुती म्हणजे दोन स्वरांमधलं अगदी बारीक अंतर. मी काही न बोलता तिच्याकडे बघत राहिले. तानपुरा चालूच होता.

"वर्षभर गायली नाहीस म्हणतेस," मी म्हटलं, "आणि एका श्रुतीचा हिशोब देतेस. मग सुटलं ते नेमकं काय?"

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "गळा."

"आणि कान?"

"कान आहे."

या कामात असा क्षण हाताला लागतो तेव्हा सुख वाटतं, ते लपवण्यात अर्थ नाही. चुकायला सांगितल्यावर चुकता न येणं हा पुरावा तिने स्वतः दिला होता. मी नुसतं सांगितलं असतं तर "तुम्ही आपलं बरं वाटावं म्हणून म्हणता" असं म्हणून तिने ते उडवून लावलं असतं. खंडानंतरच्या यातनेचं बरंचसं कारणही इथेच आहे. गळा मागे पडतो, कान जिथल्या तिथे राहतो. दोघांतलं अंतर वाढलेलं असतं, म्हणून स्वतःचा आवाज पूर्वी कधी टोचला नसेल तितका टोचतो. ज्याचा कान गेला, त्याला काहीच टोचत नाही. तो कार्यक्रमात खुशाल गातो!

प्लास्टर काढल्यावर पाय बारीक झालेला असतो, पण म्हणून पाय माझा राहिला नाही असं कुणी म्हणत नाही. गळ्याबद्दल मात्र हेच म्हटलं जातं, कारण मागे एक अट दडलेली असते. तिची अट आम्ही कागदावर उतरवली: "गायचं तर विशारदच्या वेळी गात होते तसंच गायला हवं, नाहीतर तो गाण्याचा अपमान." माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांतली. त्यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली, आणि कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. तिचं सार एवढंच की चांगलं गाण्याची इच्छा माणसाला तानपुऱ्याकडे नेते, आणि चांगलं गायलंच पाहिजे ही अट त्याला कपाटापासूनही लांब ठेवते. इच्छा ठेवायची, अट काढायची. एलिस लोकांना मुद्दाम चारचौघांत वेडेपणा करायला पाठवत, म्हणजे लाज वाटूनही काही कोसळत नाही हे अंगाने कळतं. तिला घरचा अभ्यास दिला तो त्याच जातीचा: फ्लॅटमधल्या दोघींसमोर दोन मिनिटं मुद्दाम वाईट गायचं. एकीने कानातला इअरफोनसुद्धा काढला नाही, असं पुढच्या भेटीत तिने सांगितलं, आणि ते सांगताना पहिल्यांदा मोकळी हसली.

एक गाठ उरली होती. मिरजेच्या गुरूंना, 'बाईं'ना, तिने दोन गुरुपौर्णिमांना फोनही केला नव्हता.

"फोन केलास तर बाई काय म्हणतील?"

"म्हणतील, होतीस कुठे इतके दिवस?"

"मग?"

थोडं थांबून, "मग म्हणतील, सा लाव."

आता वेळापत्रक. हे ज्यांना वापरायचं असेल त्यांनी जसंच्या तसं वापरावं; गाणं शिकवणाऱ्यांशी बोलून ते बसवलंय. रोज २० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, आणि सुट्टीचे दोन दिवस कोणते ते रविवारी आधीच ठरलेले. पहाट नको. रात्री झोपायला बारा वाजतात त्याने पाचचा गजर लावू नये. तिची वेळ ठरली रात्री सव्वानऊ. फ्लॅटमधल्या मुलींना आणि शेजारच्या काकूंना ती वेळ सांगून टाकली. चोरून गायलं की आवाज दबतो, दबलेला आवाज उतरतो. दहाच्या आत संपत असल्याने कुणाची हरकतही येत नाही.

पट्टी अर्ध्या स्वराने खाली, म्हणजे काळी चारऐवजी पांढरी पाच. पहिल्या महिन्यात ती वर नेऊ नये. तानपुरा मोबाइलच्या स्पीकरवर नको, खर्जाची तार त्यातून जवळजवळ ऐकूच येत नाही. छोटा ब्लूटूथ स्पीकर हातभर अंतरावर ठेवावा. तो नसेल तर एकाच कानात इअरफोन. दोन्ही कान बंद केले की माणूस नकळत ओरडून गातो. बाथरूममध्ये गाऊ नये, तिथल्या फरशा आवाज गोल करतात आणि उतरलेला स्वर लपवतात. कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर बसलं तर आवाज कोरडा, जसा आहे तसा परत येतो आणि भिंतीपलीकडेही कमी जातो.

पहिली तीन मिनिटं मिटल्या ओठांनी गुणगुणणं. मग पाच मिनिटं मध्य सा पासून खाली मंद्र पंचमापर्यंत, एका श्वासात एकच स्वर. दहा-बारा सेकंद टिकला तरी पुरे, ताणायचा नाही. मग पाच मिनिटं आकारात, म्हणजे 'आ' लावून, अलंकार, सारेग-रेगम असे साधे. लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम ६० वर, दुसऱ्या आठवड्यापासून ८०. महिनाभर १००च्या वर जायचं नाही, हात कितीही शिवशिवले तरी. उरलेली सात मिनिटं भूप किंवा दुर्गातली एक त्रितालातली बंदिश. पाच स्वरांचे राग घेतले की चुकायच्या जागा कमी होतात. ताना नाहीत. टायमर वाजला की उठायचं, रंगात आलेलं असलं तरी उठायचं. भूक ठेवून उठलेला माणूस उद्या येतो.

रेकॉर्डिंग सहा आठवडे बंद. त्यानंतर महिन्यातून एकदा दोन मिनिटांचं, आणि ते दुसऱ्या दिवशी ऐकायचं. त्याच रात्री ऐकलं की गाताना झालेले कष्ट कानात असतात, आणि निवाडा कडक होतो. जुनं रेकॉर्डिंग फोनमधून काढून आईकडे पाठवून द्यायचं. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ४० मिनिटं करायची नाहीत, २०च. थकबाकी चढवली की मन पुन्हा तोंड चुकवू लागतं.

आयटीतल्या मुलामुलींचा गळा दिवसभर कॉलवर झिजतो, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. हेडसेट लावून माणूस नेहमीपेक्षा मोठ्याने बोलतो. शेवटचा कॉल आणि रियाज यांत अर्धा तास गप्प बसावं. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्याने गळ्यावर उलट ताण येतो. पाणी दिवसभर घोट-घोट. गायच्या आधी तांब्याभर पिऊन उपयोग नाही. जेवण रियाजानंतर, कारण भरल्या पोटी श्वास खाली उतरत नाही आणि आंबट पाणी घशाशी येतं. आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं, ज्येष्ठमध चघळत बसू नये.

मैफलीही तिने बंद केल्या होत्या. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव जवळ आला की ती मिरजेला निघून जायची. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला, तिच्या बाबांनी बोट धरून दाखवलेला हा महोत्सव, आणि शहरात राहायला आल्यावर त्याच्यापासून पळ! मैफलीत ती परीक्षक होऊन बसायची, गवयाची नव्हे, स्वतःची. सुरुवात छोट्या बैठकीपासून केली. एकाच कलाकाराला ऐकायचं, मोबाइल पिशवीत, आणि घरी येऊन आवडलेल्या तीन जागा लिहायच्या. "मला हे येत नाही" हे वाक्य वहीत लिहायला बंदी. पहिल्या वहीत तिने दोन आवडलेल्या जागा लिहिल्या आणि तिसरी म्हणून "चहा". मी ती ग्राह्य धरली.

तबल्यावाल्यांना फ्लॅटमध्ये वाजवणं अवघड जातं, पण पढंत बसमध्येही होते. कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना, तोंडाने बोलत, बोटांनी मांडीवर ठेका धरत वाकड ते शिवाजीनगर सहज निघतं. चित्र काढणाऱ्यांनी मोठे कागद आणि रंग काढूच नयेत. खिशात मावणारी वही, एकच पेन, खोडरबर नाही, दहा मिनिटं. खोडता आलं की अट परत येते.

एक सावधगिरी. फक्त कलेतूनच नाही तर जेवण, मित्रमैत्रिणी, आवडती मालिका अशा सगळ्यांतूनच रस गेला असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो प्रश्न रियाजाचा नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जगण्याचाच कंटाळा आलाय असं वाटत असेल तर थांबूच नये, त्याच दिवशी फोन करावा.

तिने बाईंना फोन केला. पहिलं वाक्य तिने सांगितलेलंच होतं, दुसऱ्याऐवजी बाई म्हणाल्या, "शनिवारी येतेस का?" विशारद पूर्णचा फॉर्म या सत्रात भरू का, असं तिने मला विचारलं. माझं उत्तर नाही असं होतं. परीक्षा वर्षातून दोनदा असतात, त्या कुठे जात नाहीत. सहा महिने २० मिनिटांचा नेम टिकला तर पुढचं बाईंना विचारावं.

आणि तिच्या आईशीही मी एकदा फोनवर बोलले, तिच्या संमतीने. "रियाज केलास का" हा प्रश्न बंद करा, म्हटलं. त्या गोंधळल्या. "मग विचारू तरी काय?" मी सुचवलं, जेवलीस का ते विचारा, नाहीतर फोनवर तुम्हीच एखादा अभंग म्हणा. त्या म्हणाल्या, "अहो, मला कुठे गाता येतं!"

"म्हणूनच," मी म्हटलं.