वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) दरपत्रक आणि पाककृती: पोस्ट की पेज?

घरगुती मसाल्यांच्या साइटवर दरपत्रक, पत्ता आणि पाककृती कुठे टाकायच्या, असं विचारलंय. दरपत्रक आणि पत्ता-फोन पेजमध्येच टाका, म्हणजे कायम एका जागी राहणाऱ्या पानात. पोस्टला तारीख चिकटते आणि नवी आली की जुनी खाली सरकते. मूळ सेटिंगनुसार एका पानावर १० पोस्ट दिसतात, म्हणजे नंतर दहा पाककृती चढल्या की तुमचा फोन नंबर दुसऱ्या पानावर गेलाच! पाककृती मात्र पोस्टच हव्यात. त्यांना कॅटेगरी (विभाग), टॅग (विषयाची खूण) लागतात. पेजला ते मुळात नसतात.

खरी अडचण पुढे येते: मुखपृष्ठ आणि पाककृतींची यादी वेगळी कशी ठेवायची? ‘मुखपृष्ठ’ आणि ‘पाककृती’ अशी दोन पेजं तयार करा. सेटिंग्जमधल्या रीडिंगमध्ये ‘अ स्टॅटिक पेज’ निवडून होमपेजला पहिलं, पोस्ट्स पेजला दुसरं द्या. दुसरं रिकामंच ठेवा. त्यात लिहिलेला मजकूर बहुतेक थीममध्ये (साइटच्या तयार मांडणीत) दिसत नाही, फक्त पोस्टची यादी येते, आणि लोक ‘मजकूर उडाला’ म्हणून घाबरतात.

पर्मालिंक, म्हणजे प्रत्येक पोस्टच्या कायमच्या लिंकची रचना, पहिल्याच दिवशी ‘पोस्ट नेम’वर ठेवा. लिंकमध्ये तारीख राहिली आणि पुढे पोस्टचं पेज केलं, तर जुनी लिंक तुटू शकते. मग ३०१ रीडायरेक्ट (जुन्या लिंकवरून नव्या लिंकवर कायमचं वळवणं) लावत बसावं लागतं.