कडाक्याच्या थंडीत शहराकडून कोणती मदत मिळते आणि शेजाऱ्यांनी काय करावं?

बर्फ पडणाऱ्या शहरांत पालिका आधी मुख्य रस्ते, बसमार्ग आणि इस्पितळांकडे जाणारे मार्ग मोकळे करते. गल्लीबोळांचा नंबर शेवटी लागतो आणि घरासमोरचा फूटपाथ बऱ्याच ठिकाणी घरमालकानेच साफ करायचा असतो. उणे ९ अंशांखाली बर्फ वितळवायला साधं मीठ फारसं उपयोगी पडत नाही, तेव्हा पाय घसरू नये म्हणून वाळू टाका. थंडीची लाट आली की अनेक शहरं वाचनालयं, सभागृहं ऊब घेण्यासाठी खुली ठेवतात आणि रात्रनिवाऱ्यांत जागा वाढवतात. तिथला पत्ता आणि वेळ आधीच टिपून ठेवा.

पण मला खरी काळजी वाटते ती एकट्या राहणाऱ्या वृद्धांची. घरात किमान १८ अंश सेल्सिअस तापमान असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बिलाच्या धास्तीने कितीतरी जण हीटर बंद ठेवतात आणि कुणाला कळूही देत नाहीत. म्हणून इमारतीतल्या चार-पाच जणांनी वार वाटून घ्यावेत आणि रोज कुणीतरी दार वाजवावं. नुसता फोन पुरत नाही, कारण घर किती गार आहे हे आत गेल्यावरच समजतं. बोलणं अडखळत असेल, गुंगी असेल किंवा अंगाचं तापमान ३५ अंशांखाली गेलं असेल, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा.

आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

हीटिंगच्या बिलासाठी सरकारी मदत मिळत असेल, तर या वृद्धांचा अर्ज थंडी सुरू होण्याआधीच भरून द्या.