उदगीरचे कॉलेज कोणाला माहीत आहे?

प्रश्न : आमचे संगमनेर तालुक्यात दूध संकलन केंद्र आहे. मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून सीईटीत तिला 81 पर्सेंटाइल मिळाले आहेत. नातेवाइकांच्या मते पुण्यातील एखाद्या खासगी महाविद्यालयात कॉम्प्युटर शाखा घ्यावी. एका सल्लागाराने तर पंचवीस हजार रुपये घेऊन महाविद्यालयांची यादी देऊ केली आहे. मुलीला स्वतःला केंद्रावरच्या कामात रस आहे. तिने दुग्ध तंत्रज्ञानाचे नाव काढले आणि उदगीर येथे महाविद्यालय असल्याचे सांगितले, तेव्हा घरातले सगळे म्हणाले, "ते कोणाला माहीत आहे?" नाव न ऐकलेले महाविद्यालय निवडण्याचा धोका पत्करावा का? अशी महाविद्यालये शोधावीत कशी आणि पारखावीत कशी?
– एक पालक, ता. संगमनेर

उत्तर : आपल्या पत्रासोबत मुलीच्या वहीच्या एका पानाची छायाप्रत आहे. तिचा उल्लेख आपण प्रश्नात केलेला नाही, पण मला पत्रापेक्षा ते पान अधिक महत्त्वाचे वाटले. एका शेतकऱ्याच्या गाईच्या दुधाचा एसएनएफ (फॅट वगळून दुधात उरणारे घन पदार्थ) आठवडाभरात 8.5 वरून 8.1 वर उतरला, याची तिने नोंद ठेवली आहे. केंद्रावर कोणीही "पाणी घातले" असे म्हणून मोकळा झाला असता. तिने मात्र खाली लिहिले आहे की पाणी असते तर फॅटही त्याच प्रमाणात खाली आले असते, ते 3.5 वरच आहे, म्हणून खुराक विचारावा. सीईटीच्या गुणपत्रिकेत न दिसणारी ही गोष्ट आहे. महाविद्यालयाचा शोध कोठून सुरू करावा, याचे उत्तर मला तरी या वहीतच दिसते.

"कोणाला माहीत आहे?" हा नातेवाइकांचा प्रश्न चुकीचा नाही, तो चुकीच्या माणसांना विचारला गेला आहे इतकेच. ज्यांचा दुधाच्या प्रक्रियेशी संबंध नाही त्यांना उदगीर ठाऊक असण्याचे कारण नाही. आपण ज्या संघाला दूध घालता तेथील शीतकरण केंद्राचे प्रमुख, गुणनियंत्रण प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ, पाश्चरायझरवर काम करणारे अभियंते यांना एकदा भेटा आणि एवढेच विचारा : आपण कोठे शिकलात, आणि नवा माणूस घ्यायचा झाला तर कोठून घ्याल? चार-पाच जणांना विचारल्यावर तीच तीच नावे पुन्हा येऊ लागतील आणि ती यादी पंचवीस हजारांच्या यादीपेक्षा खरी असेल. सल्लागाराची यादी बहुधा पर्सेंटाइलवरून तयार होते. मुलीची वही त्याने पाहिलेलीच नसते.

आता प्रत्यक्ष पर्याय पाहू. महाराष्ट्रात दुग्ध तंत्रज्ञानाचा चार वर्षांचा बी.टेक. अभ्यासक्रम नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या उदगीर (जि. लातूर) आणि वरूड (ता. पुसद, जि. यवतमाळ) येथील महाविद्यालयांत चालतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय त्या क्षेत्रात जुने आणि मान्यता असलेले आहे; तेथे दुधाबरोबर धान्य, फळे आणि मांस यांवरील प्रक्रियाही शिकवली जाते, त्यामुळे उद्या मुलीचा ओढा थोडा बदलला तरी तिला जागा उरते. आपल्या जिल्ह्यातच राहुरी येथे कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे आणि त्यात प्रक्रिया व अन्न अभियांत्रिकी हा विभाग आहे. प्रवेशाचा विचार नसला तरी एक दिवस तेथे जाऊन यावे, कारण असा अभ्यासक्रम आतून कसा दिसतो हे पाहण्यासाठी एवढे जवळचे ठिकाण दुसरे नाही.

राज्याबाहेर कर्नाल (हरियाणा) येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था आहे. 1923 मध्ये बंगळूरला सुरू झालेली ही संस्था 1955 मध्ये कर्नालला गेली, आणि दुग्धव्यवसायात तिचे नाव न ऐकलेला माणूस भेटणे कठीण. आपल्या नातेवाइकांनी ते ऐकलेले नसेल, यातही नवल नाही. सोनीपतजवळील कुंडली आणि तमिळनाडूतील तंजावर येथे अन्नतंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्था आहेत, मात्र त्यांचे प्रवेश जेईई मेनवरून होतात. आपल्या मुलीने ती परीक्षा दिलेली नसल्यास यंदापुरता तो मार्ग बंद समजावा. कर्नालसाठी आणि अन्य राज्यांतील कृषी विद्यापीठांच्या राखीव राष्ट्रीय जागांसाठी सीयूईटी ही राष्ट्रीय पातळीवरील सामाईक प्रवेश परीक्षा लागते. येथे पालकांची सर्वाधिक फसगत होते, ती अर्जाच्या तारखांमुळे. या परीक्षांचे अर्ज बारावीच्या निकालाच्या पुष्कळ आधी भरावे लागतात, आणि ज्या महाविद्यालयाचे नावच ठाऊक नाही त्याचा अर्ज वेळेत कोण भरणार? राज्यातसुद्धा कृषी व संलग्न अभ्यासक्रमांची प्रवेशप्रक्रिया अभियांत्रिकीपेक्षा वेगळी असते. केवळ अभियांत्रिकीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीचा अर्ज भरून निर्धास्त राहिलात तर उदगीर त्या यादीत दिसणारच नाही.

पारखण्याबाबत. अभियांत्रिकीसाठी एआयसीटीई या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आणि कृषी शाखांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती पाहावी. या दोन गोष्टींवर तडजोड नको. एनआयआरएफ या शासकीय क्रमवारीचा उपयोग लोक चुकीचा करतात असे माझे मत आहे. कितवा क्रमांक आला हे पाहून पान बंद केले जाते. वास्तविक क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेने सादर केलेली माहिती तेथे उघडता येते. किती विद्यार्थी वेळेत पदवीधर झाले, किती जणांना नोकरी मिळाली, किती जण पुढे शिकायला गेले आणि पगाराचा मध्यक (सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) किती, हे त्यात असते. सर्वांत मोठ्या पगाराचा फलक प्रवेशद्वारावर लावणारी संस्था मध्यक सांगताना का अडखळते, हे त्या कागदावरून कळते. घटक महाविद्यालय, म्हणजे विद्यापीठाचाच भाग असलेले महाविद्यालय असेल तर मात्र क्रमवारीत विद्यापीठाचे नाव येते, महाविद्यालयाचे स्वतंत्रपणे नाही, हे ध्यानात ठेवावे.

तरीही कागदावर सगळे कळत नाही. काही वर्षांपूर्वी एका परिचिताच्या मुलासोबत मी एका खासगी अन्नतंत्र महाविद्यालयात गेलो होतो. माहितीपत्रकात प्रायोगिक प्रकल्पाचे रंगीत छायाचित्र होते. प्रत्यक्षात मलई वेगळी करणाऱ्या यंत्रावर कारखान्यातून आलेले प्लास्टिकचे वेष्टन तसेच होते, त्यावर धुळीचा थर होता, आणि वाफेच्या नळीला हात लावला तर ती गार होती. दाखवणाऱ्या प्राध्यापकांनी मागच्या तासालाच प्रात्यक्षिक झाल्याचे सांगितले! म्हणून आपण जाल तेव्हा आधी कळवून जाऊ नका आणि रविवारीही जाऊ नका. सत्र चालू असताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा. प्रयोगशाळेत ब्युरेट (द्रव मोजून सोडण्याच्या काचनळ्या) ओले आहेत की कोरडे, प्रात्यक्षिकासाठी दूध रोज किती लिटर येते आणि त्याचे पुढे काय होते, हे विचारा. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना वसतिगृहाबाहेर गाठून जेवण, पाणी आणि रिकाम्या पदांविषयी विचारा. शासकीय महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे रिकामी राहणे हा जुना रोग आहे आणि तो अशा आडवळणाच्या ठिकाणी अधिक जाणवतो.

मी आपल्याला एकच बाजू सांगणे योग्य नाही. दुग्ध तंत्रज्ञान ही अरुंद पदवी आहे. दुसऱ्या वर्षी मन उडाले तर कॉम्प्युटर किंवा यंत्र अभियांत्रिकीकडे वळणे सोपे नसते. मोठ्या शहरातील महाविद्यालयाप्रमाणे कंपन्यांची रांग दारात लागत नाही. आंतरवासिता आणि नोकरी यांसाठी मुलीला स्वतः पत्रव्यवहार करावा लागेल, प्रकल्पात रात्रपाळी करावी लागेल आणि पहिला पगार कदाचित कॉम्प्युटर शाखेतून बाहेर पडलेल्यांच्या पगारापेक्षा कमी असेल. उलट, आपल्याकडे दूध येते, संकलनाची जाण आहे आणि पुढे पनीर किंवा श्रीखंडाचा छोटा प्रकल्प उभा करण्याची शक्यता घरातच आहे, ही जमेची बाजू पुण्यातील कोणत्याही शाखेला जोडून मिळणार नाही.

शुल्काबाबत एक महत्त्वाची गोष्ट. 2024-25 पासून राज्य शासनाने वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. तेव्हा "जागा धरून ठेवतो, आजच पैसे भरा" असे कोणी म्हणाले तर त्या घाईत ही माफीही जाईल. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असल्यास जात व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रे आताच काढून ठेवावीत.

माझे मत विचाराल तर पसंतिक्रमात उदगीर, परभणी आणि वरूड ही तिन्ही नावे वर ठेवावीत. पहिले कोणते, ते तिन्ही ठिकाणांना भेट देऊन मुलीने ठरवावे. निघताना तिला ती वही बरोबर घ्यायला सांगा आणि एसएनएफचा तो प्रश्न तेथील एखाद्या प्राध्यापकांना विचारू द्या. ते खुर्ची ओढून वही हातात घेतात की घड्याळाकडे पाहतात, हे तिच्या लक्षात येईलच.