डॉसमधल्या जुन्या हिशोबाच्या प्रोग्राममध्ये माउस चालत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की शिरपूरला वडिलांच्या आडतीवरचा जुना ४८६ कॉम्प्युटर परत चालू केलाय, विंडोज ३.१ मध्ये माउस मस्त फिरतो पण डॉसमधला (म्हणजे विंडोजच्या आधीची काळ्या स्क्रीनवरची सिस्टिम) हिशोबाचा प्रोग्राम उघडला की काहीच हलत नाही, म्हणून आता नवीन माउस आणायला निघालात. थांबा भाऊ, माउस चांगला आहे. खराब असता तर विंडोजमध्ये पण चालला नसता.

मी १९९४ पासून सात-आठ वर्षं जळगाव, धरणगाव, एरंडोल भागात जिनिंगच्या आणि आडतीच्या ऑफिसांमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीला जायचो, आणि अगदी हीच तक्रार घेऊन किती जणांनी चांगले माउस फेकून दिले ते मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डॉसला कीबोर्ड कळतो, डिस्क कळते, माउस कळतच नाही. विंडोज ३.१ स्वतःचा ड्रायव्हर (माउसचं बोलणं समजून घेणारा छोटा प्रोग्राम) सोबत घेऊन येतं म्हणून तिथे माउस चालतो, पण तो ड्रायव्हर विंडोजपुरताच. डॉससाठी वेगळा ड्रायव्हर आपल्यालाच लोड करावा लागतो, बहुतेक वेळा माउस.कॉम (MOUSE.COM) नावाची फाइल. ती मेमरीत बसून राहते, पोर्टवरून (माउस जोडायच्या जागेवरून) येणारी हालचाल मोजते, आणि एखाद्या प्रोग्रामने इंटरप्ट ३३ हेक्स (ड्रायव्हरला हाक मारायचा ठरलेला नंबर) वापरून विचारलं की सांगते, बाण इथे आहे, डावं बटण दाबलंय. प्रोग्रामने विचारलंच नाही तर ती गप्प बसते. तुमचा सगळा घोळ या एका गोष्टीत आहे, ड्रायव्हर नाहीये की प्रोग्राम विचारतच नाहीये, आणि हे आधी शोधायचं.

शोधायला सोपं आहे. विंडोजमधून पूर्ण बाहेर या, काळ्या स्क्रीनवर MOUSE टाइप करून एंटर मारा, ड्रायव्हर लोड झाल्याचा मेसेज येतो का बघा, मग EDIT टाइप करा, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम उघडतो. डॉस ५ आणि ६ मधला हा एडिट माउस ओळखतो. (एडिट उघडलाच नाही तर क्यूबेसिकची (डॉसबरोबर येणाऱ्या बेसिक भाषेच्या प्रोग्रामची) फाइल कोणीतरी उडवलेली असते, त्याच्याशिवाय तो चालत नाही.) स्क्रीनवर छोटा चौकोनी ठोकळा दिसला आणि माउसबरोबर फिरला तर ड्रायव्हर ओके आहे.

ठोकळा नाही दिसला तर ड्रायव्हरचं बघा. फाइलच नसेल तर क्यूटमाउस नावाचा फुकट ड्रायव्हर मिळतो, तो मला मायक्रोसॉफ्टच्यापेक्षा जास्त आवडतो कारण मेमरी तीन-चार केबीच खातो आणि ६४० केबीमध्ये जुन्या प्रोग्रामला प्रत्येक केबी लागतो. लोड होतो पण माउस सापडत नाही म्हणतो, तर पोर्ट हाताने सांगा, नावापुढे तिरपी रेघ मारून मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरला सी१ किंवा सी२, क्यूटमाउसला एस१ किंवा एस२, म्हणजे कॉम१ की कॉम२, मागच्या सिरियल पोर्टांची नावं. आणि माउसच्या पोटाखाली बारीक स्विच आहे का बघा, एका बाजूला एमएस आणि दुसऱ्या बाजूला पीसी लिहिलेलं असतं. एमएसवर माउस एका हालचालीला तीन बाइट पाठवतो, पीसीवर पाच, ड्रायव्हरला तीनची अपेक्षा असेल आणि पाच आले तर बाण वेड्यासारखा उड्या मारतो. तो स्विच एमएसवर ठेवा. मशीनमध्ये मोडेम कार्ड (फोनलाइन जोडायचं) असेल तर त्याचाही विचार करा, कॉम१ आणि कॉम३ एकच आयआरक्यू ४ (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) वापरतात, कॉम२ आणि कॉम४ आयआरक्यू ३, त्यामुळे माउस कॉम१ वर आणि मोडेम कॉम३ वर असला की फोन लावताक्षणी माउस मरतो. सगळं जमलं की ड्रायव्हरची ओळ ऑटोएक्झेक.बॅट मध्ये (मशीन सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) विंडोज उघडणाऱ्या विन या ओळीच्या वर टाका, म्हणजे विंडोजमधून उघडलेल्या डॉस प्रोग्रामला पण माउस मिळेल.

आता दुसरी शक्यता, आणि आडतीचा प्रोग्राम आहे म्हणून मला हीच जास्त वाटते. एडिटमध्ये ठोकळा फिरतो पण हिशोबात नाही. आपल्याकडचे असे प्रोग्राम बहुतेक फॉक्सबेस, डीबेस ३ प्लस नाहीतर क्लिपर समर ८७ अशा डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले असायचे आणि त्यांच्यात माउसची सोयच नव्हती. फॉक्सप्रोमध्ये होती, क्लिपरमध्ये ५.३ ला आली. अशा प्रोग्रामला कुठलाही ड्रायव्हर लावा, तो विचारणारच नाही. एक जुगाड आहे, त्या काळच्या माउसच्या फ्लॉपीवर मेनू नावाचे छोटे प्रोग्राम यायचे, ते माउस वर सरकवला की वरच्या बाणाचं बटण दाबल्यासारखं करतात, डाव्या बटणाला एंटर देतात. चालतं ते, पण यादीत वर-खाली जायलाच बरं, पावती भरायला नाही. मी तर सांगेन की हिशोबाला कीबोर्डच ठेवा, मुनीम लोक डाव्या हाताने पावत्या उलटत उजव्या हाताने नंबरपॅडवर ज्या वेगाने नोंदी करायचे तो वेग माउसला येत नाही.

नवीन माउस घ्यायचाच असेल तर युएसबीचा माउस ९ पिनच्या पोर्टला जोडायचा कनेक्टर घेऊ नका. तो नुसता तारा जोडतो, भाषा बदलत नाही, ज्या माउसमध्ये दोन्ही भाषा आधीच भरलेल्या असतात त्यालाच तो लागू पडतो. जुना सिरियल माउसच शोधा. आणि पीएस२ चा गोल पोर्ट असेल तर मशीन चालू असताना माउस काढू-घालू नका, बोर्डावरचा फ्यूज जाऊ शकतो.

तुमचाच माउस अडखळत असेल तर खालची चकती फिरवून गोळी काढा, आतल्या रोलरवर मळाचं काळं कडं बसलेलं असतं, जिनिंगच्या ऑफिसात तर रुईचे तंतू गुंडाळलेले निघायचे. नखाने खरवडा, ब्लेड लावू नका.

पण या सगळ्याच्या आधी वडिलांच्या हिशोबाच्या डीबीएफ फाइल्स (ज्यात सगळ्या नोंदी असतात) दुसरीकडे कॉपी करा, एवढी जुनी हार्डडिस्क कधी बसेल सांगता येत नाही. मग एडिट उघडून काय दिसलं ते खाली लिहा, आणि प्रोग्राम सुरू होताना पहिल्या स्क्रीनवर काय नाव येतं ते पण, त्यावरून तो कशात लिहिलाय ते सांगायचा प्रयत्न करतो.