जुन्या डब्यातले सैनिक

प्रश्न: माळा आवरताना शाळेत असताना रंगवलेल्या छोट्या सैनिकांचा आणि एका १/७२ स्केलच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) विमानाचा डबा सापडला. रंग इतका जाड थापलाय की चेहरेच दिसत नाहीत, विमानाच्या काचेवर गोंदाचं बोट उमटलंय. रंग काढून परत रंगवू का?

उत्तर: अहो थांबा, घाई नको! सगळ्यांचा रंग नका काढू, एकदोन तरी तसेच ठेवा, कारण ते डोळे बघा, एक वर एक खाली, आणि पट्ट्याचा लाल रंग हातावर उतरलेला, तसं आता ठरवून रंगवायला गेलात तरी जमायचं नाही (माझ्याकडचा एक घोडा असाच आहे, हिरवा, का ते विचारू नका). बाकीच्यांचं म्हणाल तर आधी बघा प्लास्टिक आहे की धातू. प्लास्टिक असेल तर थिनर किंवा अॅसिटोन अजिबात नको, अख्खा सैनिक विरघळू शकतो. अॅक्रिलिक (पाण्यात मिसळून लावायचा) रंग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडा वेळ बुडवून जुन्या टूथब्रशने हलकं घासा, पण आधी तळाला कोपऱ्यात ट्राय करा. इनॅमल (तेलकट रंग) असेल तर तो चिवट, सहज सुटत नाही. धातूच्या जुन्या मूर्तीवर पांढरी भुकटी दिसली तर शिसं असू शकतं, ग्लोव्हज घाला, कोरडं घासू नका, मुलांपासून लांब ठेवा. आणि काचेवरचं ते बोट राहू द्या की, तुमचंच आहे ना!